ऐकल्याची पावती

मराठीत ज्याला समुपदेशन म्हणतात, त्याला कन्नडमध्ये ‘आप्त समालोचने’ असे नाव आहे. १८९२ साली वसलेल्या या चामराजपेटेत कन्नड साहित्य परिषदेचे घर आहे, आणि कन्नडच्या जोडीला तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू व मराठीही येथे कानी पडते. अशा पेठेत हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. मराठी शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ दडलेला आहे; आणि या कामात जी एक गोष्ट टाळायची असते, ती नेमकी तीच. कन्नड शब्दातला ‘आप्त’ अधिक जिव्हाळ्याचा वाटतो खरा, परंतु आप्तेष्टांचा सर्वांचाच अनुभव असा की, ते सर्वांत आधी उपदेशच करतात. तेव्हा नावावर फार विसंबता येत नाही. दोन माणसे समोरासमोर बसल्यावर काय घडते, ते पाहिले पाहिजे.

अशी कल्पना करावी की, वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी दुसऱ्यांदा नापास झाला आहे. तो काकांना म्हणतो, “काका, मला आता परीक्षेला बसायचंच नाही.” काका प्रेमळ आहेत. ते म्हणतात, “अरे, असं म्हणून कसं चालेल? मीसुद्धा इंटरला एकदा गटांगळी खाल्ली होती. नेटानं अभ्यास कर, सगळं ठीक होईल.” या तीन वाक्यांत निषेध आहे, स्वतःची कथा आहे, सल्ला आहे आणि दिलासाही आहे. नाही ते एवढेच, की मुलगा काय म्हणाला याची दखल. मुलगा “बरं” म्हणतो आणि उठतो. काकांना वाटते, समजूत पटली.

आता काका वेगळे बोलले असते तर? “परीक्षेला बसायचं नाही, की पुन्हा नापास होऊन बाबांसमोर उभं राहायचं नाही?” मुलगा क्षणभर थांबतो. “बाबांचं काही नाही हो. आजी. तिनं पाटल्या मोडून फी भरली होती.” येथे काकांचा तर्क चुकला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तर्क चुकला तरी काम झाले, कारण तो तर्क म्हणूनच मांडलेला होता, निदान म्हणून नव्हे. आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार मुलाच्या हाती राहिला. दुकानदाराने पैसे घेतले की पावती दुकानदार देतो. ऐकण्याच्या व्यवहारात हे उलट आहे. ऐकल्याची पावती ऐकणाऱ्याने स्वतःच फाडून चालत नाही. ती बोलणाऱ्याने द्यायची असते. “हो, हेच म्हणायचं होतं मला,” असे तो म्हणाला, तरच ऐकणे झाले.

सहानुभूती आणि समानुभूती यांतला फरक पाठ्यपुस्तकांत बराच लांबवलेला असतो. या प्रसंगापुरते इतके पुरे की, सहानुभूतीत काकांना वाईट वाटते. समानुभूतीत काकांना त्या पाटल्या दिसतात. आणि दिसत असतानाही त्या आपल्या आईच्या आहेत म्हणून ते स्वतःच रडू लागत नाहीत. दुसऱ्याच्या घरात जाऊन त्याच्या खिडकीतून पाहायचे, पण ते घर आपले समजायचे नाही, असा हा प्रकार आहे आणि तो अवघड आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी या ऐकण्याला शास्त्रीय चर्चेत स्थान मिळवून दिले. १९५१ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील एका भाषणात त्यांनी भांडणाऱ्या माणसांसाठी एक साधा नियम सुचवला. पुढच्याने बोलण्यापूर्वी आधीच्याचे विचार आणि भावना स्वतःच्या शब्दांत सांगाव्यात. त्या आधीच्याला मान्य झाल्या, म्हणजेच मग आपले म्हणणे मांडावे. नियम ऐकायला पोरखेळासारखा वाटतो. नवराबायकोने, भावाभावांनी एकदा पाच मिनिटे करून पाहावा. पहिल्याच फेरीत असे आढळते की, समोरचा बोलत असताना आपण ऐकत नव्हतो, उत्तर जुळवत होतो. दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि रॉजर्स यांनी ती लपवली नाही: दुसऱ्याचे म्हणणे खरोखर आत शिरू दिले, तर आपणच बदलण्याचा धोका असतो. म्हणून या कामाला धैर्य लागते असे ते म्हणत.

पुढे या पद्धतीचे विडंबनही पुष्कळ झाले. ‘मला फार राग येतो’ असे म्हणणाऱ्याला ‘तुम्हाला फार राग येतो तर’ असे पोपटासारखे परतवणे, एवढ्यालाच काही ठिकाणी समानुभूती मानले गेले. त्या वापराने रॉजर्स स्वतः अस्वस्थ झाले. १९८६ साली त्यांनी लिहिले की, आपण भावनांचे प्रतिबिंब दाखवत नव्हतो, तर आपली समजूत बरोबर आहे की नाही हे तपासून घेत होतो. काकांचा चुकलेला प्रश्न आणि पोपटाचे अचूक वाक्य यांत श्रेष्ठ कोणते, हे यावरून ठरवावे.

तंटा सोडवण्याच्या कामात हेच तपासणे दुहेरी होते. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने २००७ च्या प्रारंभी बेंगळूरुत मध्यस्थी केंद्र सुरू झाले. मध्यस्थाला निकाल द्यायचा नसतो. तो दोन्ही पक्षांना एकत्र भेटतो, आणि गरज पडेल तसा प्रत्येकाला स्वतंत्रही भेटतो; त्या स्वतंत्र भेटीत सांगितलेली गोष्ट संमतीवाचून दुसऱ्या बाजूला कळवायची नाही, असा दंडक असतो. वाटणीच्या दाव्यातला धाकटा भाऊ एकांतात जे बोलतो, ते बहुधा जमिनीविषयी नसते. वडील गेले तेव्हा थोरल्याने तार उशिरा केली, असे काहीतरी असते. ते कोणी ऐकून घेतले म्हणजे जमिनीचा हिशेब आपोआप सुटतो असे नाही. पण तो हिशेबाच्या आकाराचा होतो.

न्यायालय वेगळे काम करते आणि ते कामही आवश्यक असते. याच पेठेतल्या ईदगाह मैदानाच्या बाबतीत ३० ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थिती ‘जैसे थे’ ठेवण्याचा आदेश दिला. त्या आदेशाने तूर्त काय होऊ नये, ते ठरले. एका बाजूला ती जागा पिढ्यान्‌पिढ्या ईदच्या नमाजाची आहे आणि दुसऱ्या बाजूला ते पोरे जेथे खेळतात असे सर्वांचे मोकळे मैदान आहे. या दोन्ही भावना दुसऱ्या पक्षाच्या तोंडून, त्यांना मान्य होईल अशा शब्दांत वदवून घेणे हे कोणत्याही आदेशाच्या कक्षेत येत नाही.

येथवर ऐकण्याची महती झाली. मात्र ऐकण्याने अन्यायही होऊ शकतो, आणि त्याबद्दल पुस्तकांत जेवढे असावे तेवढे लिहिलेले नाही. मारहाण झालेली बाई तक्रार घेऊन येते. समोर बसलेला भला गृहस्थ दोघांचेही मनापासून ऐकतो. नवऱ्याचे कर्ज, नोकरीतला अपमान, दारू, आईचे टोमणे असे सारे त्याला समजते. समजता समजता मार हा ‘दोघांमधला वाद’ होऊन बसतो. शेवटी बाईला सांगितले जाते, “ताई, तुम्हीही जरा समजून घ्या.” ती परत जाते, त्याच घरात.

मुंबईत १९८४ साली पोलीस दल आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ता पोलिसांच्याच आवारात बसेल, अशी ती योजना होती. पोलिसी खाक्यात तक्रारीचे कलम शोधले जाते. कलमात न बसणारी हकिगत गळून पडते. त्या गळणाऱ्या हकिगतीला जागा देणे, हे काम कार्यकर्तीकडे आले. तरीही तिची भूमिका तटस्थ पंचाची नव्हती. आधी सुरक्षितता, मग बोलणी, असा क्रम होता. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात; परंतु २००६ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, हिंसेचे समर्थन हा त्या समुपदेशनाचा भाग होऊ शकत नाही आणि तसे प्रतिवादीला आधीच बजावले पाहिजे. कायद्याच्या रुक्ष भाषेत येथे फार महत्त्वाची गोष्ट आली आहे. नवऱ्याचा अपमान ऐकावा, त्याची भीती ऐकावी. पण ‘म्हणून हात उगारला’ यातले ‘म्हणून’ मान्य करू नये. समजून घेणे आणि मान्य करणे या दोन क्रियांची गल्लत झाली, तर किंमत ऐकणारा मोजत नाही, बाई मोजते.

अशीच एक गल्लत आत्महत्येच्या बाबतीत होते. ‘जगावंसं वाटत नाही’ हे शब्द कानी पडताच घरचे माणूस विषय बदलते. विचारले तर तो विचार डोक्यात भरेल, अशी भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेने ही समजूत चुकीची ठरवली आहे. सरळ, शांतपणे विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट कोंडलेले बोलायला वाट मिळते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचे शिखर केंद्र बेंगळूरुतील निम्हान्स येथे आहे आणि १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस, मराठी-कन्नडसह अनेक भाषांत मिळते. दूरध्वनीवर चेहरा दिसत नाही. पलीकडे शांतता पसरली तर ती विचारात पडल्याची, रडण्याची की निघून जाण्याची, हे कळत नाही. अशा वेळी घाईने दिलासा देण्याऐवजी एवढेच विचारायचे असते: “मी ऐकते आहे. तुम्ही आता एकट्याच आहात का? जीव द्यावा असं मनात येतं आहे का?” आणि उत्तर ‘हो’ आले, तर पुढचा प्रश्न विचारायचा: जवळ काय आहे, आणि ते बाजूला ठेवायला घरात आत्ता कोण जागे आहे.