भट्टीच्या भिंतीवरचा काळा लेप
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेलं भाषण)



या व्यासपीठावर कीर्तन होतं, नाट्यसंगीत होतं; यंदा कार्यकर्त्यांनी आम्हा भट्टीवाल्यांना उभं केलं आहे. पण बेळगावला हा विषय परका नाही. उद्यमबाग, मच्छे या भागांत ओतकाम, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट करणारे कारखाने आपल्याच माणसांचे आहेत. इंधन आणि वीज यांचं बिल आलं की त्या घरांत काय बोलणं होतं, ते आम्ही सांगायला नको. अशा कारखानदारापुढे कधीतरी एक माहितीपत्रक येतं: भट्टीला आतून सिरॅमिकचा लेप लावा, इंधन वाचवा. लेप खरा आहे, त्यामागचं शास्त्रही खरं आहे. पण तो कुठे कामाचा आणि कुठे पैसे पाण्यात, हे समजून घ्यायला हवं. तेवढंच सांगायला आम्ही आलो आहोत.

भाकरी तव्यावर भाजते ती तव्याला टेकून. पण तीच भाकरी चुलीतल्या निखाऱ्यांपुढे उभी केली, की काही न टेकताही टम्म फुगते. निखाऱ्यांतून निघालेली अदृश्य किरणं तिच्यापर्यंत पोचतात. याला प्रारण म्हणतात. प्रत्येक वस्तू प्रारण बाहेर टाकत असते. मात्र तापमान वाढलं की ते भलत्याच वेगाने वाढतं. योझेफ स्टेफान यांनी १८७९ मध्ये याचा नियम मांडला: निरपेक्ष तापमान दुप्पट झालं, तर प्रारण सोळापट होतं. खोलीचं तापमान २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन. भट्टी ९२७ अंशांवर, म्हणजे १२०० केल्विनवर गेली, की प्रारण २५६ पट. आदर्श काळ्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर तेव्हा सुमारे ११८ किलोवॅट फेकतो. घरातले दोन किलोवॅटचे जवळजवळ साठ गिझर एकदम चालू केल्यासारखं!

'आदर्श काळा' असं आम्ही म्हटलं, कारण सगळे पृष्ठभाग सारखे उदार नसतात. स्कॉटलंडचे जॉन लेस्ली यांनी धातूच्या चौकोनी डब्यात गरम पाणी भरून बघितलं. पाणी तेच, पण काजळी लावलेली बाजू भरपूर उष्णता बाहेर टाकत होती आणि चकचकीत बाजू फारच थोडी. १८०४ साली त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. घासून लखलखीत केलेला तांब्याचा बंब उष्णता जपतो, त्यात हाही भाग आहेच. पृष्ठभागाच्या या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. आदर्श काळ्या पृष्ठभागाची उत्सर्जकता १ धरतात, बाकी सगळे त्याच्या खाली. आणि जो चांगला देतो तोच चांगला घेतो. हे किर्खहॉफ यांनी दाखवून दिलं.

आता भट्टीत डोकावू. ज्वाळेतून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ काही ठरावीक लहरींतच प्रारण देतात आणि त्याच लहरी शोषतात. भिंतीने ती किरणं नुसती परतवली, तर त्यातली बरीच पुन्हा वायूच शोषतो आणि धुराड्याची वाट धरतो. भिंतीने ती पिऊन स्वतः तापून पुन्हा फेकली, तर ती सगळ्या लहरींत विखरून निघतात. मग त्यांतली पुष्कळशी वायूच्या फटींतून थेट जॉबवर पोचतात. लेपाचं काम हे एवढंच.

इथे एक गंमत आहे. भट्टीच्या आतलं ॲल्युमिनाचं अस्तर खोलीच्या तापमानाला बऱ्यापैकी प्रारण देतं. पण तापमान चढतं तशी प्रारणाची मुख्य लहर आखूड होते: ३०० केल्विनला सुमारे दहा मायक्रॉन, १२०० केल्विनला अडीचच्याही आत. त्या आखूड लहरींत ॲल्युमिना कंजूष आहे. हजार अंशांपुढे त्याची उत्सर्जकता निम्म्याच्याही खाली येते. सिलिकॉन कार्बाइड मात्र तिथेही ०.८५च्या आसपास टिकून राहतं. म्हणून असे लेप सिलिकॉन कार्बाइड, क्रोमियम किंवा लोहाची ऑक्साइडं अशा पदार्थांची पूड चिकट द्रावणात कालवून, मिलिमीटरच्या अंशाएवढ्या जाडीचे लावतात.

हाच गुण अवकाशात उलट्या कामाला येतो. १९८१ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा उडालेल्या 'कोलंबिया' शटलच्या पोटाखाली सिलिका तंतूंच्या टाइल्स होत्या, आणि त्यांवर बोरोसिलिकेट काचेचा काळा थर. परतताना हवेच्या घर्षणाने आणि दाबाने आलेली बहुतेक उष्णता तो थर बाहेर फेकून द्यायचा. उरलेली आत शिरू न देण्याचं काम पोकळ टाइलचं. आपल्या इस्रोची एसआरई कुपीही सिलिका टाइल्स घेऊन २२ जानेवारी २००७ ला बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिथे उष्णता बाहेर फेकायची असते, भट्टीत ती जॉबकडे वळवायची असते. दोन्हीकडे थर स्वतः उष्णता अडवत नाही. माहितीपत्रकात त्याला 'इन्सुलेशन' म्हटलं असेल, तर तिथेच थांबा. कागदाएवढा थर उष्णता काय अडवणार?

मग लावायचा कुठे? फोर्जिंगची तापवायची भट्टी, गॅसवर चालणारी हीट ट्रीटमेंट भट्टी, आठशे-हजार अंशांपुढे चालणारी, आतून सिरॅमिक फायबर किंवा पांढऱ्या विटा असलेली: इथे फायदा होऊ शकतो. पण आपल्याकडच्या बहुतेक फाउंड्र्यांत वितळवण्याचं काम इंडक्शन फर्नेस करते. तिथे वीज धातूच्या आतच उष्णता निर्माण करते. भिंतीने जॉबला काही द्यायचंच नसतं. तिथे हा लेप वाया. दोन-अडीचशे अंशांच्या कोअर ओव्हनमध्येही गरम हवेचा झोतच मुख्य काम करतो, त्यामुळे तिथेही फार आशा धरू नये.

लेप लावलाच, तर तीन गोष्टी करा. पहिली, आधी दाराच्या फटी बुजवा आणि बर्नरची हवा नीट करा. फाटक्या खिशात पैसे ठेवून काय उपयोग? दुसरी, बंदुकीसारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरवर भिंतीचा आकडा वाढला म्हणून खूश होऊ नका. तो आकडा उत्सर्जकतेवर चालतो. तापमान तेच राहूनही लेपानंतर तो वाढू शकतो. थर्मोकपल बघा. तिसरी, जॉब लवकर तापत असेल तर वेळ कमी करा. जुन्याच वेळेवर भट्टी चालवत राहिलात तर वाचलेली उष्णता वायाच जाईल.

हिशेब एकच धरा: एक टन जॉबला किती गॅस किंवा किती युनिट. लेपाआधी एक महिना, नंतर एक महिना, तोच माल, तीच शिफ्ट. वहीत लिहा. सहा महिन्यांनी भट्टी थंड असताना आत बघा. विटेचं आणि लेपाचं प्रसरण जुळलं नसेल तर पापुद्रे सुटलेले दिसतील. विकणाऱ्याला हे सगळं आधी विचारा. ज्याचा माल चांगला आहे, तो या प्रश्नांवर रागावत नाही.

घरची नवी पिढी आता कारखान्यात बसू लागली आहे. तिने यंत्र घेताना जशी पारख करायची, तशीच लेप घेताना करावी, एवढं सांगून आम्ही थांबतो. व्याख्यानानंतर आम्ही इथेच आहोत. आपापल्या भट्टीचे आकडे घेऊन या, बसून हिशेब करू.

गणपती बाप्पा मोरया!