रात्री तीन वाजता गिझर

अम्मीच्या घरावर सोलर किती किलोवॅटचं बसवायचं, म्हणून मी एनर्जीप्लसमध्ये घराचं मॉडेल केलं. उत्तर आलं महिन्याला 1560 युनिट. बिलावर 150! दोन संध्याकाळी मी पत्र्याच्या छताचे आकडे बदलत बसलो. मूर्खपणा, घरात एसीच नाही, छत तापलं तरी मीटरला काय त्याचं?

शेवटी उपकरणवार, तासवार आकडे काढले. रात्री तीनलाही 2 किलोवॅट. गिझरला मी तयार वेळापत्रक लावलं होतं, ‘कायम चालू’. 2 गुणिले 24 गुणिले 30, म्हणजे 1440. खरा वापर रोज अर्धा तास, म्हणजे 30.

एक किलोवॅट सोलर दिवसाला साधारण 4 युनिट देतं. अम्मीला तेरा किलोवॅटचं कर्ज काढायला लावलं असतं मी.

अम्मी म्हणाली, “बेटा, बटण तर मी रोज बंद करते.”