खुन्याचं नाव पाठ
(चंद्रपूरच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी बल्लारपूरचा. पोटासाठी मुंबईच्या गोदीत माल ओढतो, रात्री कविता लिहितो. मॅट्रिकपुढं शाळा नाही, पण रहस्यकथा पोत्यानं वाचल्यात. रद्दीच्या गाडीवरचे बाबूराव अर्नाळकर, त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड. साली मजा येते, खोटं कशाला बोलू! म्हणूनच आज या खुनाच्या गोष्टींचं पोस्टमॉर्टेम करायचंय.

रामन राघव तुम्हाला ठाऊक आहे. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर, झोपडीत झोपलेल्यांची डोकी फोडत फिरला. ऑगस्टमध्ये सापडला. एक्केचाळीस खून कबूल केले. पोलिसांपुढं तोंड उघडण्याआधी त्यानं कोंबडीचं जेवण मागितलं, मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा. हा किस्सा जो तो चघळतो. १९६९ ला फाशी, १९८७ ला मनोरुग्ण म्हणून जन्मठेप, १९९५ ला ससूनमध्ये मेला. सगळं तारखेसकट. श्रीराम राघवननं १९९१ ला त्याच्यावर फिल्म केली. अनुराग कश्यपनं २०१६ ला नाव त्याचं घेतलं, गोष्ट दुसरीच सांगितली.

खुन्यानं काय खाल्लं ते पाठ. मेलेल्याच्या चुलीवर त्या रात्री काय शिजलं, तो कुठलं गाव सोडून आला होता, त्याच्या दाराला कडी का नव्हती, ते कोणी विचारत नाही. गोष्टीत त्याला काम एकच, मरायचं आणि आकडा वाढवायचा.

आता पुणं बघा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून. मारणारी कला महाविद्यालयातली पोरं, चौघं १९८३ ला येरवड्यात फासावर गेली. या प्रकरणाचं नाव काय? जोशी-अभ्यंकर. मेलेल्यांचं नाव! शहर हादरलं ते बरोबरच, माणसं मेली होती. पण मुंबईचं प्रकरण मारणाऱ्याच्या नावानं आणि पुण्याचं मरणाऱ्यांच्या, असं का? ज्याच्या दाराला पाटी, त्याच्या मरणाला शीर्षक. आणि अभ्यंकरांच्या बंगल्यात जे पाच मेले त्यांत घरकाम करणारी बाई होती. तिचं नाव कागदोपत्री आहे, शीर्षकात नाही.

मानवतला १९७२ पासून बाया-पोरी मारल्या गेल्या. त्यावर २०२४ ला मालिका आली, रमाकांत कुलकर्णींच्या पुस्तकावरून. रामनचा तपासही त्यांचाच. नायक कोण? साहेब.

तुमच्याकडं मारणारा माणूस नाही, वाघ आहे. वाघाला खुनी म्हणणं चूक, त्याला पोट आहे, पिनल कोड नाही. पण त्याची बातमी याच साच्यातून निघते. सीटी-१. तेरा माणसं त्याच्या नावावर, ऑक्टोबर २०२२ ला वडशाच्या जंगलात जेरबंद. त्याचा नंबर, त्याचा फोटो, तो कुठून कुठं गेला ते सगळं आलं. तेरा जण म्हणजे 'गुराखी', 'महिला', 'इसम'.

२०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या. जंगलात वाघ आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं का? होतं की! पण पत्त्याचा हंगाम थोड्या दिवसांचा. शेकडा पुड्यांचा भाव हातात आला तर पावसाळ्याचे तांदूळ, पोरांची पुस्तकं. अंधारात बाई दाराशी उभी आहे. जाते की राहते? याच्याइतका सस्पेन्स कुठल्या कादंबरीत आहे मला दाखवा.

वडशाला झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या आहेत. मंडईच्या दिवसांत रात्रभर प्रयोग चालतो, लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. त्यांच्यासाठी एक नाटक लिहा. मारणारा शेवटपर्यंत स्टेजवर येत नाही. पहिल्या अंकात बाई भात बांधून घेते, शेजारणीला नावानं हाक मारते, दोघी पत्त्याच्या भावावरून तासभर भांडतात. लिहून झालं की गोदीवर पाठवा. दुपारच्या सुट्टीत आमची पोरं वाचतील.