कावळा शिवण्याआधी

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त सभामंडपात केलेले भाषण)



कलशारोहणाच्या मंगल प्रसंगी मरणाचा विषय काढला म्हणून कोणी अभद्र मानू नये. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत माउलींच्या समाधीचा आपण सोहळाच करतो. मी कीर्तनकार नव्हे. तालुका कचेरीतला कारकून, शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. तेव्हा अल्पमतीप्रमाणे जे उमगले तेवढेच आपणापुढे ठेवतो.

गीतेच्या आठव्या अध्यायात अर्जुन विचारतो, की देवा, प्रयाणकाळी तुला जाणावे कसे? भगवंत सांगतात, अंतकाळी ज्याचे स्मरण होते त्याच गतीला जीव जातो. एवढे ऐकून पुष्कळजण समजतात, की शेवटी एकदा नाम घेतले म्हणजे झाले. पण भगवंत तिथेच थांबत नाहीत. म्हणून सर्वकाळ माझे स्मरण ठेव आणि आपले कर्तव्य कर, असे ते लगेच बजावतात. माउलींनी इ. स. 1290 मध्ये हीच गोष्ट आपल्या मराठीत आणून सोपी केली. शेवटचा श्वास आपल्या हाती नसतो. घशाशी कफ दाटतो, शुद्ध हरपते. त्या वेळी जन्मभर जे घोळवले तेच ओठी येते.

भागवतातील भरत राजाची कथा आपण ऐकली आहे. राज्य सोडून तो गंडकीतीरी राहिला, पण एका हरिणाच्या पाडसात जीव गुंतला आणि पुढचा जन्म हरिणाचा आला. राज्य सुटले, पाडस सुटले नाही! आपले पाडस म्हणजे शेताचा बांध. हातभर बांधासाठी दोन पिढ्या बोलत नाहीत, आणि म्हातारा शेवटच्या घटकेला विठ्ठल म्हणण्याऐवजी मोजणी आली का म्हणून विचारतो.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना, म्हणजे आपण हात जोडून म्हणतो, "काळजी करू नका, आईला सांभाळू, बहिणीला अंतर देणार नाही." कावळा शिवतो, आपण अंघोळ करून घरी येतो. पुढे वारसनोंदीच्या अर्जात त्याच आईचे आणि बहिणीचे नाव गाळलेले असते! बंधूंनो, घाटावर दिलेला शब्द कागदावर का उतरत नाही? वडिलांच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क आहे, हे 2005 सालच्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट झाले आहे. बहीण आपखुशीने सोडील तर तो तिचा मोठेपणा. दुःखात असताना तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेणे हा मोठेपणा नव्हे.

या बाबतीत तुकोबांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे. घरची सावकारी होती, लोकांकडे येणे होते. परंपरेने सांगतात, की त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हाती दिला आणि स्वतःचा वाटा तेवढा इंद्रायणीत सोडला. यातले मर्म पहा. एवढा विरक्त पुरुष, पण भावाचे कागद त्याने बुडवले नाहीत. त्याग आपल्या वाट्याचा करावयाचा असतो, दुसऱ्याच्या वाट्याचा नव्हे.

म्हणून मरणाची तयारी म्हणजे रोज थोडे नाम आणि रोज थोडी निरवानिरव, असे मला वाटते. कोणाचे देणे असेल ते घरात सांगून ठेवावे. स्वकष्टाच्या मिळकतीचे मृत्युपत्र शुद्धीत असतानाच करावे. ते साध्या कागदावरही होते, मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. घरातले माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात वारसांची वर्दी द्यावी आणि तीत विधवा, मुली, सर्वांची नावे खरी लिहावीत. ज्यांच्याशी बोलणे तुटले असेल, त्यांच्या ओट्यावर आपण होऊन जावे. हे सारे झाले, की मन मोकळे होते आणि मोकळ्या मनात नाम टिकते.

राजा परीक्षितीला सात दिवसांची मुदत ठाऊक होती. ती त्याने शुकमुनींच्या मुखाने हरिकथा ऐकण्यात सार्थकी लावली. आपल्याला मुदत कळविलेली नाही. म्हणून आजचा दिवस हाच सातवा समजून वागावे.

देणगीदार बंधूंनो, आपल्या औदार्याने देवाचे घर उभे राहिले. आपली नावे शिळेवर कोरली गेली, हे योग्यच झाले. पण बहिणीच्या तोंडून निघालेला दुवा कोणत्याही शिळेपेक्षा जास्त टिकतो. नव्या सभामंडपात पहिले पाऊल टाकताना प्रत्येकाने घरचे एक अडलेले काम पुरे करण्याचा संकल्प करावा, एवढी पांडुरंगचरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.

रामकृष्णहरी.