गोधडीचे चौकोन जागेवर कसे राहतील?

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. सुरुवात कोपऱ्यातून. ठिगळ ठेवायचं, धावदोऱ्यानं पक्कं करायचं, पुढचं घ्यायचं, असं कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत. इथे क्रम चुकायला वावच नाही.

मशीनवर आधी चौकोन जोडायचे असतील, तर मात्र मांडणी सांभाळावी लागते. सात बाय नऊ म्हणजे 63 तुकडे, आणि घरात पंखा चालू! म्हणून सगळे चौकोन सतरंजीवर मांडा, मोबाइलवर फोटो काढा. तो कृष्णधवल करून पाहिलात, तर दोन गडद तुकडे शेजारी आलेत का, तेही कळतं. मग प्रत्येक ओळीच्या पहिल्या चौकोनाला, डाव्या वरच्या कोपऱ्यात, आकड्याची चिठ्ठी टाचणीनं लावा. चिठ्ठी नेहमी त्याच कोपऱ्यात हवी, म्हणजे तुकडा उलटा फिरला तरी लक्षात येतं.

खरी युक्ती दोऱ्यात आहे. पहिल्या दोन उभ्या रांगांच्या जोड्या वरून खाली, एकामागोमाग एक शिवा. मधला दोरा कापू नका. तिसरी आणि पुढच्या रांगाही तशाच जोडा. सगळ्या ओळी दोऱ्यानंच एकमेकींना बांधलेल्या राहतात. मग इस्त्री करताना एका ओळीच्या शिवणी डावीकडे, पुढच्या ओळीच्या उजवीकडे दुमडा. म्हणजे शेवटी ओळी जोडताना आडव्या शिवणीत कोपरे नेमके जुळतात. टाचण्या मात्र इस्त्रीआधी काढा, प्लॅस्टिकच्या डोक्याच्या असतील तर वितळतात.