व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशन : सत्य आणि सन्मान



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विद्यार्थी शाळेतून बाहेर पडला तरी त्याची काळजी संपत नाही, असे मानणाऱ्या शिक्षकांची ही परंपरा आहे. त्या काळजीला धरूनच आजचा विषय निवडला आहे.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र शासनासाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाले आणि दर १८० जणांमागे एकालाच निवासी उपचार मिळाले, असे त्यात आढळले. इतक्या कष्टाने दारापर्यंत आलेल्या माणसाशी आत गेल्यावर कसे बोलले जाते, हा म्हणूनच गंभीर प्रश्न आहे.

पहिले काही दिवस डॉक्टरांचे असतात. दीर्घकाळ घेतलेली दारू एकाएकी थांबली की झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तेथे उपदेश निरुपयोगी असतो. शरीर सावरल्यावर खरे काम सुरू होते. एकत्र राहणे, आपले अंथरूण आपण घडी करणे, स्वयंपाकघरात हात लावणे, सर्वांसमोर आपली कहाणी सांगणे, हाही उपचारच असतो. 'मी तसा नाही' असे म्हणणाऱ्याला समोरच्याच्या कहाणीत स्वतःचा चेहरा दिसतो.

परंतु या समूहशक्तीला दुसरी बाजूही आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिच यांनी 'सिनॅनॉन' ही वसाहत स्थापन केली. स्वतः व्यसनातून सुटलेल्यांनी इतरांना सोडवावे, ही कल्पना मोलाची होती. मात्र एकाला मध्ये बसवून सर्वांनी त्याच्यावर शब्दांचे आसूड ओढायचे, ही तेथील मुख्य पद्धत झाली. नेत्याला प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही. पुढे सदस्यांवर नसबंदीची सक्ती झाली, आणि १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. १९९१ मध्ये ती संस्था विसर्जित झाली. सत्य सांगण्याच्या नावाखाली माणसाचा सन्मान हिरावला की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ पासून वेगळी वाट मांडली. व्यसनी माणसाच्या मनात सोडण्याची इच्छा आणि सोडवत नसल्याची भीती एकत्र नांदत असतात. आपण पहिल्या बाजूने वाद घातला की तो नकळत दुसऱ्या बाजूची वकिली करतो. म्हणून समुपदेशकाने वाद न घालता विचारावे : "दारूने आपल्याला काय दिले? आणि काय नेले?" उत्तर ऐकावे, त्याचा आशय आपल्या शब्दांत परत सांगावा, आणि बदलाचे कारण त्याच्याच तोंडून येऊ द्यावे. मिलर व सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात, समुपदेशक जितका आक्रमक, तितके रुग्णाचे पिणे नंतर अधिक, असे दिसून आले.

आपल्याकडे पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला आधार लाभला. तेथे रुग्णाला 'रुग्णमित्र' म्हणतात, आणि व्यसनातून बाहेर आलेलेच अनेकजण पुढे कार्यकर्ते होतात. पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. कारण घरात वर्षानुवर्षे साचलेला अविश्वास केंद्रातल्या काही आठवड्यांत ओसरत नाही. अनुभवी सोबती समोरच्याची सबब तत्काळ ओळखतो. प्रशिक्षित समुपदेशक त्या सबबीमागची भीती ओळखतो. केंद्राला दोघांचीही गरज असते.

मारहाण किंवा साखळदंड यांना उपचार म्हणता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्यांशी निगडित विकार आपल्या कक्षेत घेतले आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. आपल्या माणसाला केंद्रात ठेवताना इमारतीपेक्षा हे आधी विचारावे : डॉक्टर कोण? कुटुंबाला भेटता येते का? तक्रार कोणाकडे करायची? घरी परतल्यावर पाठपुरावा कोण करणार?

शेवटी एवढेच सांगेन. केंद्रातून परतलेला माणूस कधी पुन्हा घसरतो. त्या दिवशी तो लाजेने सर्वांना टाळतो. शाळेचे माजी विद्यार्थी मंडळ अशा वेळी बरेच करू शकते. त्याच्या वर्गमित्राने घरी जावे, पैसे देऊ नयेत, दूषणेही देऊ नयेत. स्वस्थ बसून त्याचे ऐकावे आणि त्याच्यासोबत पुन्हा केंद्रापर्यंत चालावे.