फटफटीवर मागे बसताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला फटफटीचा विषय कसला, असे काहीजणींना वाटले असेल. पण प्रत्येकीने मनाशी हिशेब करून पाहावा. बाजार, माहेर, दवाखाना, लग्नकार्य, दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, यांतल्या किती ठिकाणी आपण गाडीवर मागे बसून जातो? नंदुरबारहून प्रकाशाचा पूल ओलांडून शहाद्याला, तळोद्याहून घाट चढून धडगावला, नवापूरहून सीमेपलीकडे सोनगडला. एसटी चुकली की घरची गाडी आहेच. आपल्यातल्या काहीजणी स्वतः स्कूटर चालवतात, त्यांचे कौतुक आहे. तरी पुष्कळजणींची जागा अजून मागचीच आहे. पुढे बसणाऱ्याला परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. मागे बसणारीला कोणी काही शिकवत नाही. ‘बस लवकर, उशीर होतोय’ एवढेच तिला ऐकू येते.

केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या अपघात अहवालात एक आकडा आहे. त्या एका वर्षात देशात हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसे दुचाकीच्या अपघातांत गेली. त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. घरात हेल्मेट एकच असते आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर जाते. पुष्कळदा तर आरशालाच टांगलेले असते. वटपौर्णिमेला सात जन्मांचा विचार करणाऱ्या आपल्या घरांत या जन्मीचे दुसरे हेल्मेट मात्र महाग वाटते. कायदा पुढचा-मागचा असा भेद करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाप्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाने हेल्मेट घालायचे आहे, मग तो चालवणारा असो की मागे बसलेला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी २०२३ पासून वेगळा नियम आहे. मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको.

४० म्हणजे काय मोठा वेग, असे वाटते. त्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, आणि त्या वेगाने कशावर आपटणे म्हणजे सुमारे २० फुटांवरून खाली पडणे. माडीवरून कोणी डोके खाली करून उडी मारील काय?

आता आपल्या साडीकडे येते. पूर्वीच्या बायका नऊवारीचा कासोटा घालून घोड्यावर बसत, शेतात चिखल तुडवत. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत गिरगाव-डोंबिवलीकडच्या मुली नऊवारी नेसून मोठमोठ्या मोटारसायकली चालवतात, हे आपण पाहतोच. सहावारी आली आणि आपण एका बाजूला पाय सोडून बसू लागलो. या बैठकीत सगळा भार एकीकडे जातो, गुडघ्यांनी गाडी धरता येत नाही, आणि गतिरोधक न दिसता आला की बसलेली बाई मागच्या मागे उडते. डोक्याचा मागचा भाग आधी आपटतो. माझे स्पष्ट मत आहे की लांबच्या वाटेला पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसावे. सासूबाई काय म्हणतील हा प्रश्न खरा आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. पण आज ज्या सासवा येथे बसल्या आहेत त्यांनीच हा प्रश्न सोडवला तर बरे.

साडीच नेसायची असेल तर पाय डावीकडेच हवेत. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात. उजवीकडे पाय सोडले तर ते समोरून येणाऱ्या वाहनांकडे जातात. म्हणूनच साडीगार्ड डाव्या बाजूला असते. हे साडीगार्ड हौसेचे नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तीन गोष्टी सांगितल्या आहेत : मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची सोय, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आच्छादन. घरातल्या तरुणांना ते जाळीचे लोखंड गाडीच्या रूपाला शोभत नाही असे वाटते, आणि गाडी घरी आल्यावर आठवड्यात ते माळ्यावर जाते. ते ज्याच्या-त्याच्याकडून परत बसवून घ्यावे.

पदर हा फार फसवा. गाडीवर बसण्यापूर्वी तो पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचायचा, टोक राहता कामा नये. ओढणी त्याहून वाईट, कारण ती गळ्याभोवती असते. टोक चाकात किंवा साखळीत गेले की ती क्षणात आवळते, आणि चालवणाऱ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ओढणी छातीवर फुली करून मागे कमरेशी बांधावी, नाहीतर सरळ पिशवीत ठेवावी. बुरखा घालणाऱ्या आपल्या शेजारणींनीही घेर आवरून मांडीखाली घ्यावा. आणि पावसात छत्री! चालत्या गाडीवर छत्री उघडली की तिच्यात वारा भरतो आणि ती धरणारीला मागे खेचते. पाऊस आला तर थांबावे किंवा रेनकोट घालावा.

रस्त्याचे आपण काही करू शकत नाही, पण त्याची ओळख ठेवता येते. शहाद्याकडे गाळप हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर चालतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरून एकच दिवा येतो आहे म्हणून ती मोटारसायकल समजू नये; एक दिवा गेलेला ट्रॅक्टरही असू शकतो. नवापूर-विसरवाडीवरून धुळे-सुरत महामार्ग जातो. तेथे ट्रकच्या शेजारून जाताना त्याच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही हे पक्के समजावे. चांदसैलीच्या किंवा तोरणमाळच्या घाटात उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे महाभाग आहेत. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये असली म्हणजे इंजिनच वेग धरून ठेवते. ते बंद केले तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून सैल पडतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांजवळून जाताना डोळ्यांवर काच नसेल तर काय होते, ते तर तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्यातल्या काहींची मुले परदेशी गेली आहेत, आणि तेथील वाहने शिस्तीत चालतात अशी आपली समजूत असते. सगळीकडे तसे नाही. व्हिएतनाममध्ये घरोघर मोटारसायकली आहेत, आणि त्यांच्या मोठ्या शहरांतला रस्ता म्हणजे यात्रेच्या दिवशीचे सारंगखेडेच. त्या देशाने १५ डिसेंबर २००७ पासून मोटारसायकलवरच्या प्रत्येकाला, मागच्यालासुद्धा, हेल्मेट सक्तीचे केले. लोकांनी ते थोड्याच दिवसांत अंगवळणी पाडले आणि डोक्याच्या दुखापती उतरल्या. गर्दी होती तशीच राहिली. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. मुलांकडे गेलेल्या आईने रस्ता ओलांडताना सवयीने चुकीच्या दिशेला पाहू नये. आणि सहलीला गेलेल्या पोरांनी भाड्याची गाडी घेण्यापूर्वी आपला परवाना आणि विमा तेथे चालतो का, हे विचारून घ्यावे.

मागे बसलेल्या बाईने बोलावे की नाही, हा खरा अवघड भाग. नवऱ्याला ‘अहो, हळू’ म्हटले की गाडी आणखी जोरात जाते, असा अनुभव असणाऱ्या येथे हसताहेत ते मला दिसते आहे. म्हणून निघण्यापूर्वी घरीच खूण ठरवावी : खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांबा. वाऱ्यात शब्द ऐकू येत नाही, थाप कळते. फोन वाजला तर तो मागचीने घ्यावा. मुलगा दारू पिऊन आला असेल तर गाडीवर बसूच नये, भाऊजी असले तरी नको आणि लग्नाचा मुहूर्त असला तरी नको. कायद्याने मागे एकच माणूस बसायचे असते. चौघांचे कुटुंब एका गाडीवर जाते, हे मला ठाऊक आहे. शेवटची एसटी निघून गेल्यावर मुलांना फाट्यावर सोडून कोणी येणार नाही. निदान दिवसा निघावे, नाहीतर दोन खेपा कराव्यात.

अपघात झालेला दिसला तर १०८ ला फोन करावा. जखमीला उठवून बसवू नये, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये, हेल्मेट ओढून काढू नये. मान मोडलेली असू शकते. पोलिसांच्या फेऱ्यात अडकू या भीतीने लोक बाजूला होतात. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४-अ हे कलम आले आहे. त्याप्रमाणे मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही.

हेल्मेट घेताना आयएसआयची खूण पाहावी आणि आयएस ४१५१ हा आकडा वाचावा. घातल्यावर मान हलवली तर ते डोक्यावर फिरता कामा नये, आणि पट्ट्याखाली दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे. अंबाड्यावर ते बसत नाही ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी वेणी घालावी किंवा अंबाडा मानेशी खाली बांधावा, आणि गजरा पोहोचल्यावर माळावा. टेबलावर तीन मापांची हेल्मेटे ठेवली आहेत. चहा होईपर्यंत प्रत्येकीने घालून पाहावीत आणि आपले माप कागदावर लिहून घरी न्यावे.